बुजवलेली भेग

काजूच्या टरफलातून निघणाऱ्या तेलाचा वास आधी घशाला लागतो, मग डोळ्यांना, आणि नाकाला तो सर्वांत शेवटी कळतो. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी उन्हाळ्यात बिया भाजताना जे काळे, दाट, कातडी जाळणारे तेल निथळते, ते काचेच्या बाटलीत भरून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवतात. वर्षभरात ते दोनच कामांना लागते. छपराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून वाशांवर ते चोपडतात, आणि भातलावणीला उतरण्यापूर्वी टाचांच्या भेगांमध्ये घालतात.

लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा सासूबाईंनी मला शिकवलेले पहिले काम हेच. तेल वाटीत कोमट करायचे. कोंबडीच्या पिसाचे टोक त्यात बुडवून थेंब भेगेत सोडायचा आणि तो मुरेपर्यंत फुंकर घालायची. भेग काळी पडते, कडक होते आणि एखाद्या फळीच्या फटीसारखी बुजून जाते. मग चिखलाला आत शिरायला वाट राहत नाही.

मी रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात कविता शिकवते. माझे यजमान एका सरकारी कचेरीत कारकून होते. वर्षाचे अकरा महिने शाई, कागद आणि फाइलींच्या फितीत गुंतलेले त्यांचे हात आषाढात आठ दिवसांची रजा काढून आईच्या शेतात उतरत. शेतावर ते निराळेच माणूस होत. मे महिन्यात राब भाजताना तर त्यांच्याजवळ कुणी जायचे नाही. पालापाचोळा, शेण, वाळके गवत, वर मातीचा थर असे रचून पेरणीची जमीन ते भाजत, म्हणजे तणाचे बी जळून जाते आणि रोपे निर्मळ उगवतात. आगीकडे टक लावून बसलेले ते मला ओरडून सांगत, “माती टाक वरून, माती टाक! ज्वाळ दिसता कामा नये. जास्त भाजलं तर तणाबरोबर जमीनही मरते.” हे वाक्य मी वीस वर्षे ऐकले. त्याचा अर्थ मला एका रुग्णालयात समजला.

त्या वर्षी आम्हाला गावी पोचायला एक दिवस उशीर झाला. दुपारी एसटीतून उतरलो आणि कपडे बदलून हे थेट रोपे काढायला चिखलात उतरले, सांजावेपर्यंत वाकून राहिले. तेलाची आठवण दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. पायरीवर बसून त्यांनी उजवा पाय माझ्या मांडीवर ठेवला.

“बघा आई, दिवस कसे आलेत,” ते आतल्या सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “कवितेच्या बाईंच्या मांडीवर कारकुनाची टाच.”

“गप बस, हलू नको. भाजेल,” सासूबाई आतून म्हणाल्या.

टाचेच्या बाहेरच्या कडेची भेग त्या वर्षी खोल होती. तळाशी ओली, लालसर, ओठाच्या आतल्या बाजूसारखी. मी ती पाण्याने धुतली, पदराने टिपली आणि तेल सोडले. त्यांनी दातांमधून श्वास आत ओढला. मी फुंकर घातली. तेल मुरले, काळे झाले, चकाकले. तेल चिखलात उतरण्याआधी घालायचे, नंतर नाही, एवढे मला ठाऊक होते. का, ते मी कधी विचारले नव्हते. कालचा चिखल मी स्वतःच्या हाताने आत कोंडला आणि वरून दार लावून घेतले.

तेल घातल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी बांधावर उभे असताना ते कापू लागले. पाऊस नव्हता, वारा पडलेला होता, आणि ते थंडीने दात वाजवत होते. सासूबाईंनी घोंगडे आणले. घोंगड्यावरून घोंगडे घातले तरी आतून येणारे ते कापरे थांबेना. कपाळ तव्यासारखे, आणि पायांची बोटे विहिरीतल्या दगडासारखी. संध्याकाळपर्यंत ते मला त्यांच्या कचेरीतल्या एका बाईच्या नावाने हाक मारू लागले आणि एक फाइल मागू लागले. शेजारच्यांची गाडी मिळाली. रत्नागिरीच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा त्यांच्या गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली होती, ओल्या कागदाच्या मागून दिसणाऱ्या अक्षरांसारखी.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर माझ्याहून वयाने लहान होत्या. आवाज मऊ, पण वाक्ये तोडून बोलत. “रक्तदाब अजिबात टिकत नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय. शरीर त्याच्याशी लढताना स्वतःलाच जाळायला लागलंय. संसर्ग कुठून सुरू झाला ते कळलं तर हाताला काहीतरी लागेल. लावणीला गेले होते?”

“हो.”

“उंदरांचा त्रास आहे शेतात?”

“कुठल्या शेतात नसतो?”

“जखम? काटा रुतला, विळा लागला, काही चावलं?”

“नाही,” मी म्हणाले. माझ्या आवाजात खात्री होती.

ती खात्री मला आजही ऐकू येते. मी खोटे बोलत नव्हते. आमच्या घरात टाचेची भेग ही नखांसारखी, केसांसारखी असते. तिला तेल घालणे म्हणजे वेणी घालणे. त्याची गणती दुखापतीत नाही की औषधात नाही. डॉक्टरांनी लावणीच्या दिवसांत जे तापाचे आजार येतात ते सगळे तपासले. त्यांनी पायही पाहिले. उघडी जखम कुठे नव्हती. टाचा काळ्या होत्या. शेतकऱ्याच्या टाचा काळ्याच असतात. मी बाहेरच्या बाकावर बसून औषधांच्या पंपांची टिकटिक मोजत होते, आणि काचेपलीकडे माझा माणूस यंत्राच्या तालावर श्वास घेत होता.

दोन दिवस असे गेले. औषधे बदलली, रक्तदाब धरून ठेवणारे थेंब वाढवले, लघवी बंद झाली. डॉक्टर म्हणाल्या, “कुठेतरी मूळ शिल्लक आहे. सापडत नाहीये.”

तिसऱ्या सकाळी मला दोन मिनिटे आत जाऊ दिले. एक परिचारिका त्यांचे अंग पुसत होती. पायांपाशी येऊन ती थांबली आणि टाच कापसाने पुन्हा पुन्हा घासू लागली.

“ताई, हा डाग निघत नाही.”

“तो नाही निघायचा,” मी म्हणाले. “काजूचं तेल आहे ते. भेगेत घातलंय.”

तिचा हात तिथेच थांबला. ती दापोलीकडची, काजूच्याच मुलखातली होती. तिने माझ्याकडे असे पाहिले की मला एकदम माझ्या पायांखालची फरशी जाणवली. “कधी घातलंत?”

“आजारी पडायच्या दोन दिवस आधी.”

“आणि हे कुणाला सांगितलं नाहीत?”

तिने अंगठ्याने टाचेची कड दाबली. काळ्या चकचकीत सालीखाली काहीतरी मऊ हलले. ती डॉक्टरांना बोलवायला धावत गेली.

टाच उघडली तेव्हा मी बाहेर होते, तरी वास आला. सडलेल्या कोळंबीचा आणि त्यात काजूच्या तेलाचा. दोन्ही मला ओळखीचे होते. एकत्र कधी आले नव्हते. डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आल्या. “पू आत कोंडला होता. खोलवर पसरलाय. आता साफ केलंय.” मग जरा थांबून, “दोन दिवस आधी कळतं तर बरं झालं असतं.” त्यांनी ते दोष देण्यासाठी म्हटले नाही. मी मात्र ते तसेच्या तसे आत ठेवले आहे.

त्यानंतर ते सुधारू लागले. चार दिवसांनी थेंब कमी झाले, सहाव्या दिवशी नळी निघाली. पहिला शब्द घोगरा आला, “चहा.” मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. मला वाटले, संपले.

डॉक्टरांनी मला बसवले आणि एका जुन्या तपासणीच्या कागदाच्या पाठीवर दोन रेषा काढल्या. एक झपाट्याने वर चढणारी, दुसरी त्याच बिंदूपासून खाली उतरणारी.

“लोकांना वाटतं, आधी आग लागते आणि विझल्यावर माणूस बरा होतो. तसं नसतं. ही वरची रेष म्हणजे आग. रोगाशी लढणाऱ्या पेशी चवताळतात, जंतूंबरोबर स्वतःच्या रक्तवाहिन्याही जाळतात. आणि ही खालची रेष त्याच वेळी सुरू होते. आग आवरायची म्हणून शरीर स्वतःच आपल्या रक्षकांना झोपवायला लागतं. खूप पेशी तर आपणहून मरतात. उरतात त्या इतक्या दमलेल्या की समोर शत्रू आला तरी ओळखत नाहीत.”

“आणि त्यांची रेष आता कुठे आहे?”

त्यांनी पेन खालच्या रेषेच्या टोकाशी टेकवले. रक्ताच्या अहवालातली एक ओळ दाखवली. लिम्फोसाइट नावाच्या पेशी, ज्या शंभरात पंचवीस-तीस तरी असाव्यात, त्या चार होत्या. “पुढचे काही महिने साधी सर्दीही यांना परवडणार नाही. गर्दी नको, पाहुणे नकोत.”

त्या रेषांकडे पाहताना मला राबावरचा धूर दिसला. ज्वाळ दिसता कामा नये, असे ओरडणारा माणूस काचेपलीकडे पडून होता, आणि त्याच्या आतली जमीन भाजून निघाली होती.

रत्नागिरीच्या घरी आल्यावर मी राखणदार झाले. पाणी वीस मिनिटे उकळायचे. फळे शिजवून. देवाला फूल वाहायचे नाही. वर्तमानपत्र बंद, दारावर येणारी मासळीवाली बंद. शेजारणी विचारपूस करायला आल्या की मी जाळीच्या दारातून बोलत असे. हातांना साबणाने चिरा पडल्या, त्यांच्या कडा दुखत, आणि ते दुखणे मला हवेसे वाटे. ते काहीतरी फेडल्यासारखे होते.

“एवढं काय धुतेस?” ते पलंगावरून विचारत. आवाज अजून किनाऱ्यावरच्या वाळूसारखा खरखरीत होता. “तुझ्या हातांवरच्या रेषा जातील. मग भविष्य कुणाला विचारायचं?”

“तुम्ही बोलू नका. दम लागतो.”

“दम लागला तर लागू दे. आठवडाभर तोंडात नळी होती. साचलंय खूप.”

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या उजव्या बरगड्यांवरून पुरळांची एक पट्टी निघाली, ओल्या मण्यांची माळ असावी तशी. नागीण. शेजारणीने जाळीपलीकडून सांगितले की तिची दोन्ही टोके जुळू देऊ नका. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, “लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना? तोच विषाणू. इतकी वर्षं मज्जातंतूत झोपून होता. राखणारं कुणी उरलं नाही, तर उठून बसला.”

हे मी ऐकले. वहीत लिहूनही घेतले. आणि त्याचा अर्थ असा लावला की दार अजून घट्ट बंद करायला हवे. सगळे शत्रू बाहेरून येतात हा माझा समज इतका जुना होता की पुरावा हातात असताना तो मला दिसला नाही.

गणपतीला दहा दिवस असताना सासूबाई आल्या. सकाळच्या एसटीने, एकट्या. खांद्याला पिशवी, त्यात पेजेसाठी घरचा तांदूळ, वाळवलेली आमसुले आणि एका फडक्यात गुंडाळलेली कसलीशी मुळी. त्या फाटकातून आत आल्या आणि खोकल्या. तो ओला, छातीतून येणारा खोकला मी स्वयंपाकघरातून ऐकला आणि जाळीच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

“कडी काढ गो,” त्या म्हणाल्या.

“आई, तुम्हाला खोकला आहे.”

“पावसाळ्याचा हाय. दर वर्साला असतो. कडी काढ.”

“डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांना आत्ता काहीही लागलं तर—”

“मी काय लागणार हाय त्याला? मी त्याची आई हाय.” त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली. जाळीवर त्यांची बोटे आली, चिखलाने कातडी फाटलेली. “आत येऊन बसत पन न्हाय. निस्ता हात लावून बघते, अंग कसं हाय ते. तेवढ्यानं काय व्हतंय?”

मी कडीवर हात ठेवला होता. लोखंड गार होते. मी ती काढली नाही.

“खिडकीपाशी या,” मी म्हणाले. “मी त्यांना उठवून बसवते.”

त्यांनी पिशवी पायरीवरच राहू दिली. मग घराला वळसा घालून खिडकीखाली चिऱ्याच्या गडग्याच्या बुटक्या भिंतीशी उभ्या राहिल्या. मी यांना उशीला टेकवून बसवले.

“कसा झालास रे,” त्या म्हणाल्या.

“छान झालोय. वजन उतरलं. जुनी विजार बसते आता.”

“हिनं मला भायर ठेवलान.”

“कविता शिकवणाऱ्या बायका कडक असतात. मला पण बाहेरच ठेवलं असतंन, पण पलंग आत होता.”

त्या हसल्या नाहीत. “टाच कशी हाय?”

 टाच उघडावी लागली हे त्यांना माहीत होते. पू तेलाखाली कोंडला होता हे मी सांगितले नव्हते, आणि यांनीही नाही.

“भरतेय,” ते म्हणाले. “लावणी पुरी झाली?”

“झाली. तुझं खाचर र्‍हायलं व्हतं, ते मी केलं.”

पाऊण तास त्या तिथे उभ्या होत्या. मी बाहेर खुर्ची नेऊन ठेवली. त्या बसल्या नाहीत. दोनच्या गाडीला निघताना खिडकीच्या गजांपर्यंत त्यांनी हात वर केला. तो गजांना लागला आणि तिथूनच खाली आला. मी त्यांच्या मागे जाऊन ते गज साबणाच्या पाण्याने पुसले. त्यांनी फाटकातून मागे वळून ते पाहिले.

सात दिवसांनी, एका सकाळी, हे उठेनात. डोळे उघडे, पण नजर माझ्या पलीकडे. मी काखेत तापमापी ठेवली आणि आकडा पाहून क्षणभर हायसे वाटले. ताप नव्हता. उलट नेहमीपेक्षा कमी. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. ते सकाळच्या फरशीसारखे होते. मी मूर्खासारखी वाट पाहिली, अर्धा तास, चहा होईपर्यंत. मग त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिले. ती जांभळी जाळी परत आली होती.

“ताप नाही त्यांना,” मी अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टरांना म्हणाले. जणू ती चांगली बातमी होती.

“तेच वाईट आहे,” त्या म्हणाल्या. “ताप आणायलाही बळ लागतं. त्यांच्या शरीराकडे तेवढंही उरलं नाही.”

दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. बुरशी. रक्तात बुरशी वाढत होती. मी विचारले, ही कुठून आली. मी सगळे उकळले होते, सगळे पुसले होते. एकाही माणसाला आत घेतले नव्हते.

“बाहेरून नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “बहुधा त्यांच्याच आतड्यातली. तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या पोटात ती असते. आपल्या पेशी तिला जागच्या जागी ठेवतात. आपल्याला कळतही नाही की त्या रोज हे काम करतात. यांच्या पेशींनी ते काम सोडलं.”

“म्हणजे मी दार बंद ठेवलं त्याचा—”

“तुम्ही बरोबरच केलंत.”

“त्यांची आई आली होती. मी आत घेतलं नाही.”

डॉक्टरांनी माझ्या हातांकडे पाहिले, चिरा पडलेल्या त्या हातांकडे. “तेव्हाही मी तुम्हाला तेच करायला सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, “त्यांना आता बोलावून घ्या.”

सासूबाई दुपारी आल्या. गावात मखरे बांधली जात होती. आमच्या घरची मूर्ती मूर्तिकाराच्या शाळेतून आणायची राहिली होती. परिचारिकेने त्यांना गाऊन चढवला, टोपी घातली, हातमोजे दिले. त्या पांढऱ्या-निळ्या कपड्यांत त्या एखाद्या परक्या मुलखातल्या बाईसारख्या दिसत होत्या. पलंगाशी जाऊन त्यांनी मुलाच्या कपाळावर हात ठेवला. रबराच्या आतून त्यांना काही कळेना. त्यांनी मोजा काढला, मुठीत धरला आणि उघडा तळहात कपाळावर ठेवला. परिचारिकेने पाहिले, आणि पाठ वळवली.

“थंड हाय गो,” त्या म्हणाल्या. “निस्तं थंडगार.”

ते त्याच दुपारी गेले. बाहेर ऊन-पाऊस एकत्र पडत होता आणि खाडीकडून ओल्या जाळ्यांचा वास येत होता.

दिवस-कार्ये झाली. मी महाविद्यालयात परत गेले. वर्गात एखादी ओळ वाचताना शब्द तोंडात राखेसारखे लागत आणि मी पाणी पिण्याच्या निमित्ताने थांबे. सासूबाईंशी माझे बोलणे उरले नव्हते. भांडण झाले होते असे नव्हे. जाळीचे दार आमच्यामध्ये तसेच उभे होते. मार्गशीर्षात, कापणी-झोडणी आटोपल्यावर, मी गावी गेले. बोलायचे काय ते वाटेत एसटीत सगळे जुळवले होते. पोचल्यावर ते सगळे गळून पडले आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सरळ सांगून टाकले.

“आई, भेगेत आदल्या दिवशीचा चिखल होता. मी वरून तेल घातलं. आत पू झाला तो त्यामुळे. डॉक्टरांनी जखम आहे का विचारलं, मी नाही म्हटलं. दोन दिवस फुकट गेले. आणि तुम्हाला मी आत घेतलं नाही, तेही फुकट गेलं. जे होतं ते त्यांच्या आतच होतं.”

त्या तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला.

“तेल मी शिकवलं तुला,” त्या म्हणाल्या.

“उशिरा मी घातलं.”

“मी आत बसून व्हते. तुला म्हटलं का, आता नको म्हणून?”

 त्यांनी मला माफ केले का, हे मला त्या वाक्यातून कळले नाही. आजही कळलेले नाही. त्या उठल्या, चुलीमागच्या कोनाड्यातून बाटली काढली आणि ते पीस. पडवीत लाकडी स्टूल ओढले.

“धर,” एवढेच म्हणाल्या.

मी स्टूल धरले. त्या वर चढल्या आणि वाशांना तेल चोपडू लागल्या, एकामागून एक. पिसाने पुरेना तेव्हा फडक्याने. तो वास पडवीभर झाला. माझ्या घशात, डोळ्यांत. बाटली अर्धी होती. ती त्या रिकामी करायलाच निघाल्या होत्या हे माझ्या लक्षात आले, कारण काही वासे दोनदा झाले.

त्यांच्या टाचा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. इतक्या जवळून मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. लावणीपासून त्यांत तेल पडलेले नव्हते. आडव्या-उभ्या भेगा, कोरड्या तळ्यासारख्या. डाव्या टाचेची एक मात्र ओली, कडेने लाल. मी एका हाताने स्टूल धरून दुसऱ्या हाताने मोबाइलचा उजेड त्यावर पाडला. मग त्या परिचारिकेने दाबली होती तशी, अंगठ्याने, भेगेची कड दाबली.

पाय आखडला.

“दुखतं?” मी विचारले.

आमच्या घरात हा प्रश्न टाचेला कुणी विचारत नाही. त्यांनी वर वाशाला हात टेकला. एक थेंब माझ्या मनगटावर पडला आणि तिथे चरचरले.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “धा दिवस झाले.”

“खाली या. धुऊन बांधते. आणि उद्या पहिल्या गाडीने माझ्याबरोबर चला, दाखवून येऊ.”

“एवढा एक वासा व्हऊदे.”

“आई, खाली या.”

त्यांनी फडके बाटलीच्या तोंडात खोचले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकून एक पाय खाली घेतला.